गाडीला चाकं किती?

मी एक जुनी स्टेपनी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. गाडीचं एखादं चाक पंक्चर झालं की त्याच्या जागी जे जादा चाक बसवतात ना, तेच मी. तुमच्या गाडीतही माझी एखादी बहीण असेल. मागे डिकीत, गालिच्याखाली, फळीखाली, अंधारात पडलेली. तिला शेवटचं कधी पाहिलंत ते जरा आठवून बघा. नाही ना आठवत? म्हणून तर मी आज बोलायला बसले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, पोलादाच्या तारा आणि साच्यातली ती उष्णता! अजूनही आठवली की अंग मऊ पडतं. त्या साच्यांतून आम्ही पाच बहिणी एकापाठोपाठ एक बाहेर पडलो. दिसायला इतक्या सारख्या की आमची आम्हालाच ओळख पटेना. पुढे गाडी जोडणाऱ्या कामगाराने चौघींना खाली बसवलं आणि उरलेली पाचवी, म्हणजे मी, डिकीतल्या खळग्यात ठेवून वरून स्क्रू आवळला. माझं काही चुकलं होतं असं नाही. त्याच्या हाताला मी शेवटी लागले, एवढंच. बहिणींनी जग बघायचं आणि मी ते नुसतं ऐकायचं, हे असं जाता जाता ठरलं.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? शिवाय शेजार मिळाला तो जॅकचा. जॅक म्हणजे गाडी उचलायचं ते यंत्र. अंगाने किरकोळ, पण तोरा केवढा! "अख्खी गाडी मी एकटा उचलतो," हे त्याचं पालुपद. उचलली मात्र एकदाही नव्हती. त्याच्या खळग्यात तो एका रबरी पट्ट्याने घट्ट बांधलेला असे, म्हणून निदान एका जागी गप्प पडून राही.

आमचे मालक आप्पा. ते एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढत. उजव्या हाताने ते अशी रेघ ओढत की पट्टीनेही लाजावं, असं त्यांचे मित्र गाडीत बसून सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने ही गाडी घेतली. दर रविवारी सकाळी ते डिकी उघडत, फळी उचलत आणि उजव्या अंगठ्याने मला दाबून बघत. हवा कमी वाटली तर भरून आणत. चालत्या चाकांची काळजी कोणीही घेतं हो, पण पडून असलेल्या चाकाची विचारपूस करणारा माणूस विरळा.

त्यांची मुलगी, ताई, याच गाडीवर गाडी चालवायला शिकली. पहिल्या दिवशी ती ऐटीत पुढे बसली आणि आप्पांनी विचारलं, "गाडीला चाकं किती?"

"चार," ताई म्हणाली.

"उतर खाली."

बिचारी उतरली. आप्पांनी तिला मागे आणलं, डिकी उघडली आणि माझ्यावर टिचकी मारली. "पाच. हे ज्याला माहीत नाही, त्याने गाडीला हात लावू नये." त्या दिवशी माझी छाती हवेशिवायच फुगली.

मग एक रविवार असा आला की डिकी उघडलीच नाही. पुढचाही तसाच गेला. काही दिवसांनी ताई गाडीत बसून फोनवर कोणाला तरी सांगत होती, तेव्हा मला कळलं. आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्हींवर घाला पडला होता. ताईने त्यांना आपल्या घरी आणलं. त्यांच्यामागून गाडीही तिच्या दारात आली.

ताईच्या घरातली पुढची खोली आप्पांसाठी मोकळी करायची होती. तिथे एक लाकडी कपाट होतं, इतकं जड की चौघांना हलेना. तेव्हा ताईचे यजमान, म्हणजे आप्पांचे जावईबापू, यांना एक युक्ती सुचली. गाडीचा जॅक! त्यांनी डिकी उघडली, रबरी पट्टा ओढून काढला आणि जॅक घेऊन गेले. कपाट उचललं गेलं, सरकलं, सगळ्यांनी जावईबापूंची वाहवा केली. जॅकने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उचललं आणि ते कपाट निघालं, याचं मला अजून हसू येतं. पण परत ठेवताना घाई झाली. जावईबापूंनी जॅक नुसता खळग्यात टाकला आणि वर फळी झाकली. पट्टा बहुधा त्या कपाटामागेच राहिला असावा. पुढचं सगळं रामायण त्या पट्ट्याचं.

आप्पांना आठवड्यातून तीन दिवस एका उपचार केंद्रात न्यावं लागे. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावर होतं. "पहिले काही महिने सोन्यासारखे असतात," डॉक्टरांनी बजावलं होतं. "आत्ता हात-पाय जेवढे परत येतील तेवढे पुढे येणार नाहीत. खाडा करू नका." म्हणून ताई नोकरीच्या वेळा बदलून त्यांना नेऊ लागली. आप्पा मागच्या सीटवर बसत आणि त्यांची चाकांची खुर्ची घडी करून डिकीत, बरोबर आमच्या डोक्यावर येई.

पहिल्याच फेरीला आवाज सुरू झाला. टक. टक-टक. मग जरा गप्प, आणि खड्डा आला की पुन्हा टक-टक-टक.

मला कारण माहीत होतं, मित्रांनो. खुर्चीच्या वजनाने फळी दबायची, दबलेली फळी त्या मोकाट सुटलेल्या जॅकला ढोसायची, आणि तो शहाणा माझ्या लोखंडी कडेवर डोकं आपटायचा. खुर्ची डिकीत नसली की फळी वर उचललेली असे आणि जॅक आपल्या खळग्यात निवांत पडून राही. एवढीशी गोष्ट. पण सांगणार कशी? त्या गाडीत बोलू न शकणारे आम्ही दोघं होतो, मी आणि आप्पा.

ताईचा जीव टांगणीला लागला. चढावर मध्येच गाडी बंद पडली आणि आप्पा आत असले तर? तिने गाडी दुरुस्तीला न्यायचं ठरवलं. आता ताईची एक शिस्त होती. गाडी गॅरेजला द्यायची म्हणजे आतलं सगळं सामान काढून, झाडून-पुसून द्यायची. पाहुण्यांकडे पाठवताना मुलाचं तोंड पुसून पाठवतात ना, अगदी तसं. तिने पिशव्या काढल्या, उशी काढली, खुर्ची काढली. आणि खुर्चीबरोबर आवाजही घरी राहिला.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते एका चकचकीत शोरूममध्ये. तिथे गार हवा होती, ताईला कॉफी मिळाली आणि टाय लावलेला एक मुलगा तिच्याशी फार गोड बोलला. त्यांनी गाडी फिरवून आणली. "आवाज तर येत नाही मॅडम," तो म्हणाला, "पण तुम्ही म्हणताय तर मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून टाकू." चांगले धडधाकट शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले आणि नवे आले. चोर सोडून संन्याशाला फाशी! निघताना त्याने ताईला तपासणीचा कागद वाचून दाखवला. ब्रेक ओके, दिवे ओके, स्टेपनी ओके. स्टेपनी ओके? अरे बाबा, मॅट कोणी उचलली होती का? आप्पा आजारी पडल्यापासून माझ्यातली हवा हळूहळू उतरत चालली होती आणि हा म्हणे ओके.

पुढच्या फेरीला खुर्ची डिकीत आली आणि जॅक पुन्हा सुरू झाला.

मग नाक्यावरचा एक मिस्त्री झाला. ताईचं बोलणं अर्ध्यावर असतानाच त्याचं डोकं बॉनेटमध्ये गेलेलं असायचं. ती काहीही म्हणाली तरी त्याचं उत्तर एकच, "होऊन जाईल." म्हणून मी त्याचं नाव होऊनजाईलशेठ ठेवलं. त्याने बुश म्हणतात ते खालचे रबरी तुकडे बदलले, काहीतरी आवळलं, काहीतरी सैल केलं. ताईने काढलेले जुने भाग बघायला मागितले तर म्हणाला, "ते काय बघायचे, गेले ते कचऱ्यात." आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय?

घरी आता वादावादी सुरू झाली. जावईबापू कधीमधी गाडी ऑफिसला नेत, तेव्हा ती मुकाट चालायची. त्यांना बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, आत बघत उभं राहायची भारी हौस. बघून त्यांना काय कळायचं ते त्यांनाच ठाऊक.

"तुझ्या मनाचे खेळ आहेत गं," ते ताईला म्हणाले. "मला तर कधी ऐकू येत नाही."

"मग या माझ्याबरोबर एकदा. कानांनी ऐका."

ते आले. आवाज आला. तेव्हा ते गंमत म्हणून बोलून गेले, "अरेच्चा! म्हणजे आप्पा गाडीत असले की वाजते म्हणायची ही. मग विकूनच टाकू या हिला."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण आप्पा मागच्या सीटवर होते. त्यांचे ओठ हलत नव्हते, कान शाबूत होते. माझ्या आणि त्यांच्या पाठीत फक्त एक गादी होती, आणि त्यांचा श्वास अडखळलेला मला कळला.

पुढच्या फेरीच्या वेळी ताईने त्यांना गाडीपाशी आणलं, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने दाराची कड घट्ट धरली. ते बसेनात. मग फार कष्टाने, एकेक शब्द ओढून आणावा तसे ते म्हणाले, "मी... नको."

"आप्पा! बोललात तुम्ही!" ताई आनंदाने ओरडली. आणि मग तिला त्या शब्दांचा अर्थ कळला. माझ्यामुळे गाडी बिघडते, मी यात बसायला नको, असं आप्पा म्हणत होते. ती तिथेच, दारात, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली.

त्या दिवशी खाडा झाला. पुढच्या वेळीही झाला. टॅक्सी बोलावली तर आप्पा तिच्यातही बसेनात. सोन्यासारखे दिवस हातातून निसटत होते, आणि ते कशामुळे, तर एका रबरी पट्ट्यामुळे! मला तेव्हा इतका संताप आला होता की हवा असती तर मी फुटले असते.

घरच्या घरी करण्याचे व्यायाम तरी विचारून यावेत म्हणून ताई एकटीच केंद्रावर गेली. आपल्या गाडीवरचा तिचा भरवसा उडाला होता, म्हणून ती टॅक्सीने गेली. वाटेत तिने टॅक्सीवाल्या काकांना सगळं सांगितलं. हे पुढे तिने जावईबापूंना सांगताना मी ऐकलं. काका म्हणाले होते, "ताई, ज्यांचं पोट गाडीवर चालतं ते आपली गाडी कुठे नेतात, ते बघायचं. आम्ही सगळे वहिनींकडे जातो."

वहिनींचं गॅरेज एका गल्लीच्या टोकाला होतं. कशाबशा दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर ओळीने टांगलेले नट आवळायचे पाने. पूर्वी त्यांचे यजमान काम करायचे आणि त्या हाताखाली असायच्या. मग यजमानांची पाठ धरली, तेव्हा त्यांनी गल्ला सांभाळला आणि वहिनींनी पाने. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. ताईने आम्हाला तिथे नेलं ते अर्थात झाडून-पुसून, रिकामं करूनच.

वहिनींनी बॉनेटला हातही लावला नाही. एक स्टूल ताईला दिलं, एक स्वतः घेतलं आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आवाज कधी येतो म्हणालात?"

"आप्पा असले की येतो," ताई म्हणाली.

"आणि आप्पा असताना गाडीत आणखी काय काय असतं?"

"त्यांची खुर्ची. उशी. पिशव्या. पण तुमच्याकडे आणायची म्हणून मी सगळं काढून आणलं."

"मग कसं कळणार हो मला?" वहिनी हसल्या. "गाडी रोज जशी असते तशीच आणा. आप्पांसकट. पुसूसुद्धा नका."

"पण झालंय तरी काय हिला?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "बघूया."

मित्रांनो, इतक्या दिवसांत "माहीत नाही" हे शब्द मी कोणत्याही गॅरेजात ऐकले नव्हते. मला का कोण जाणे, पण त्या दोन शब्दांनी धीर आला.

"आप्पा गाडीत बसतच नाहीत," ताई म्हणाली.

"मग मीच येते घरी."

संध्याकाळी गॅरेज बंद करून वहिनी खरंच आल्या. आप्पा त्यांच्या खुर्चीत दारापाशी, दाराची कड धरून बसले होते. वहिनी त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, तुमच्याशिवाय हा आवाज मला सापडायचा नाही. जरा मदतीला याल का?"

आजारी पडल्यापासून आप्पांसाठी सगळे सगळं करत होते. त्यांच्याकडे मदत मात्र कोणीच मागितली नव्हती. मग त्यांनी दाराची कड सोडली.

ताई चालवायला बसली, जावईबापू तिच्या शेजारी, आणि मागे आप्पांजवळ वहिनी. खुर्ची नेहमीप्रमाणे आमच्या डोक्यावर. जावईबापूंनी लगेच माहिती पुरवायला सुरुवात केली. "माझ्या मते हा पुढच्या एक्सलचा..."

"साहेब, जरा ऐकू द्या," वहिनी म्हणाल्या.

पहिला खड्डा आला. टक-टक. दुसरा आला. टक-टक-टक. आणि माझ्या पाठीशी, गादीच्या पलीकडून, कोणीतरी बोटांच्या पेरांनी ठोकलं. टक-टक-टक. आप्पा डाव्या हाताने सीटच्या पाठीवर ठोकून दाखवत होते. इथून येतो, इथून.

"बरोबर आहे आप्पा, मागूनच येतोय," वहिनी म्हणाल्या. "ताई, थांबवा गाडी."

त्यांनी खाली उतरून खुर्ची काढली, जावईबापूंना तिच्यासकट रस्त्याकडेला उभं केलं आणि ताईला म्हणाल्या, "आता तोच रस्ता, तेच खड्डे. आप्पा, तुम्ही बसून राहा."

गाडी गेली आणि आली. खड्डे आले आणि गेले. आवाज नाही.

"आप्पा गाडीत आहेत आणि आवाज नाही," वहिनी मुद्दाम मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "ऐकलंत ना आप्पा? तुमचा काही दोष नाही. दोष त्या डिकीत आहे."

मग डिकी उघडली, फळी वर गेली आणि कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर उजेड पडला. वहिनींनी एका बोटाने जॅक ढकलला. तो माझ्यावर आपटला. टक.

"याचा पट्टा कुठाय?"

जावईबापूंचा चेहरा हळूहळू पडत गेला. "कपाट..." ते एवढंच म्हणाले. ताईला क्षणभर कळेना, आणि कळलं तेव्हा तिला रागवावं की हसावं ते कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तेवढ्यात मागच्या सीटवरून एक खरखरीत, मोडका, विचित्र आवाज आला. सगळे दचकले. तो आप्पांच्या हसण्याचा होता. मग कोणालाच आवरलं नाही. जावईबापू तर कान पकडून आप्पांसमोर उभे राहिले, आणि आप्पांनी डाव्या हाताने त्यांच्या डोक्यात हळूच टपली मारली.

वहिनींनी पिशवीतून जुन्या ट्यूबचा तुकडा काढला, त्याची पट्टी कापली आणि जॅक करकचून बांधला. काम संपलं. आता फळी झाकून त्या गेल्या असत्या तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण झाकण्याआधी त्यांनी अंगठ्याने मला दाबलं. अंगठा आत गेला.

"अगं बाई! हिच्यात तर हवाच नाही."

"पण आवाजाचा आणि हिचा काय संबंध?" जावईबापूंनी विचारलं.

"काहीच नाही. पण दिसलं ना आता? मग कसं सोडायचं?"

त्यांनी आम्हाला तसंच गॅरेजवर नेलं आणि माझ्यात हवा भरली. माझ्या कडेवर कोरलेली तारीख चष्मा लावून वाचली. "वय झालंय हिचं. अडचणीला उपयोगी पडेल, सावकाश चालवत. फार लांब नको. नवी घ्या लवकर." मग गॅरेजातला जॅक आणि एक जुनं चाक घेऊन ताईला तिथल्या तिथे चाक बदलायला शिकवलं. नट आधी चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा, हे तिने दोनदा करून दाखवलं तेव्हाच सोडलं. ताईने पैसे विचारले तर म्हणाल्या, "रबराच्या तुकड्याचे काही नाही. संध्याकाळभर तुमच्या गाडीत बसून ऐकलं, त्याचे मात्र घेणार." आणि घेतले. मला ते फार आवडलं.

आप्पा पुन्हा केंद्रावर जाऊ लागले. पाय आधी वळू लागला, मग आधार धरून उभं राहणं जमलं. पण उजवा हात अडून बसला. त्यांच्या मुठीत चेंडू दिला की मूठ मिटायची, ती पुन्हा उघडायची नाही. व्यायाम घेणारी बाई ताईला म्हणाली होती, "धरणं आलंय, सोडणं येत नाहीये. तेच अवघड असतं." घरी ताई त्यांची बोटं एकेक करून सोडवायची.

आणि एका सकाळी, केंद्राच्या वाटेवर, चढ संपून सपाट रस्ता लागला तिथे माझ्या एका बहिणीच्या पोटात खिळा घुसला. गाडी फरफटली. ताईने ती कडेला घेतली. रस्ता सामसूम. जावईबापूंना फोन केला तर ते कामावर, दूर. "मी निघतो," ते म्हणाले. "तोवर वेळ टळेल," ताई म्हणाली. "मी बघते." तिने आप्पांना खुर्चीत बसवून गाडीलगतच्या सावलीला नेलं, मागच्या चाकाला दगड लावला आणि डिकी उघडली.

मित्रांनो, आयुष्यभर मी ज्याची वाट पाहिली तो क्षण आला. मी म्हातारी. जमेल का मला?

जॅकने मात्र त्या दिवशी शब्द खरा केला. गाडी उचलली त्याने. ताईने एकेक नट काढला, पण ठेवायचा कुठे? खाली सगळी माती आणि गवत. तिने इकडेतिकडे पाहिलं, तर आप्पांनी हात पुढे केला होता. उजवा.

"आप्पा, डावा द्या ना."

त्यांनी मान हलवली. उजवाच. ताईने चारही नट त्या तळव्यावर ठेवले आणि मूठ मिटली.

मी जागेवर बसले. पहिल्यांदा उन्हात, पहिल्यांदा बहिणींच्या रांगेत. ताईने नटसाठी हात पुढे केला. आप्पांची मूठ उघडेना. तिने हळूच त्यांचं एक बोट सोडवलं आणि एक नट काढून बसवला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी मूठ पुन्हा मिटत होती. चौथ्याच्या वेळी ताई बोट सोडवायला वळली तेव्हा आप्पांनी डाव्या हाताने तिला थांबवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते मुठीकडे बघत होते, पूर्वी नकाशाकडे बघत असतील तसे. अंगठा हलला. मग शेजारचं बोट थरथरलं. खूप वेळ गेला, ताईने घाई केली नाही. आणि मग मूठ उघडली. नट तळव्यावर होता.

ताईने तो उचलला, लावला आणि डोळे पुसत पाना फिरवला.

"घट्ट," आप्पा म्हणाले.

"हो आप्पा. घट्ट करते."

मी त्यांना सावकाश केंद्रापर्यंत नेलं. उशीर झाला होता, पण खाडा झाला नाही. व्यायाम घेणाऱ्या बाईने आप्पांच्या तळव्यावरचं काळं ग्रीस पाहून विचारलं, "हे काय लावून आणलंत?" ताईने सांगितलं तेव्हा बाई बराच वेळ तो हात हातात धरून बसली होती, असं परतीच्या वाटेवर ताई फोनवर सांगत होती.

त्यानंतर वहिनींनी मला काढलं. माझ्या अंगावर भेगा पडल्या होत्या आणि माझ्या जागी नवी स्टेपनी आली. आता भंगारात जायचं, असं मी धरून चालले होते. पण वहिनी म्हणाल्या, "हिला ठेवू या इथेच, शिकवायला." तेव्हापासून मी गॅरेजच्या दाराशी उभी असते. रविवारी सकाळी, जमेल त्याला, वहिनी माझ्यावर चाक बदलायला शिकवतात. मला काढतात, घालतात, आवळतात, पाडतात. रस्त्यावर धावायचं आता माझ्या नशिबी नाही, पण अंधारही नाही. मला आणखी काय हवं?

तेव्हा मित्रांनो, गॅरेज शोधाल तेव्हा फरशी किती चकचकते ते बघू नका. तुमचं बोलणं कोण शेवटपर्यंत ऐकतो, ठाऊक नसेल तर "माहीत नाही" कोण म्हणतो आणि जिथे तुम्ही बघणार नाही तिथे कोण हवा भरतो, ते बघा. आणि आज घरी गेलात की मोठ्यांना सांगून तुमच्या गाडीची डिकी उघडा. तळाशी माझी बहीण असेल. तिला एकदा अंगठ्याने दाबून बघा. घरातही असं कोणी गप्प पडून असेल, तर त्याच्याकडे कधीतरी मदत मागा.

रविवारी आप्पाही येतात. काठी टेकत, पण आपल्या पायांनी. नवे शिकणारे जमले की ते माझ्याशेजारच्या स्टुलावर बसतात आणि आधी प्रत्येकाला विचारतात, "गाडीला... चाकं... किती?"

"चार," सगळे म्हणतात.

आप्पा मान हलवतात. मग उजवा हात वर करतात आणि सगळ्यांना दिसेल अशी, हळूहळू, एकेक करून, पाचही बोटं उघडतात.